बिनसाखरेचा चहा

परराष्ट्र खात्यात त्यांना पाठीमागे सगळे ‘कान’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होते. न कळून कसे चालेल, तोच तर धंदा. उमेदीची वर्षे गुप्तवार्ता विभागात परक्या नावांनी वावरण्यात गेली. मग सरकारने उदार होऊन त्यांना परदेशातल्या दूतावासात सल्लागार नेमले. हुद्दा मिळाला, गालिच्याची खोली मिळाली. माणूस मात्र एकही जोडला गेला नाही. ते जेवायला येऊन बसले की भोवतालच्या गप्पा हवापाण्यावर घसरत. फार तर कोणी म्हणे, “काय साहेब, आमची फाईल जाड झाली का?” त्यावर हसणे भाग असे. ज्या विभागाने त्यांना पाळत ठेवायला शिकवले, त्यानेच कोणाला काही सरळ विचारायची सवय मोडली, आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालून हात झटकले.

पत्नीच्या मागे उरली एक मुलगी. ती रविवारी येई. एरवी त्या घरात बोलायचा तो फक्त रेडिओ.

एका रविवारी ती आपल्या नियोजित नवऱ्याला, एका दंतवैद्याला, घेऊन आली. दाराकडे तोंड असलेली आपली खुर्ची त्यांनी आजवर कोणाला दिली नव्हती. ती त्याला दिली. स्वतः चहा केला.

“घ्या. तुमचा बिनसाखरेचा आहे.”

दंतवैद्य हसला. “अरे वा, हिनं सांगितलं वाटतं?”

“मी नाही सांगितलं,” मुलगी म्हणाली. “बाबा?”

“अंदाज केला.”

“बाबा, माझ्याशी तरी नको.”

“दवाखान्यासमोरच्या हॉटेलात बसलो होतो. दोन-चारदा. मुलगा सोन्यासारखा आहे, मी खात्री करून घेतली.”

“मला विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं की!” तिचा आवाज चिरकला. “आईच्या मागेही असेच फिरला होतात?”

त्यांनी उत्तर दिले नाही, आणि तेच उत्तर झाले. चहा तसाच राहिला.

पुढचे रविवार कोरडे गेले. ती कुठे आहे हे शोधणे त्यांच्या हातचा मळ होता. ते शोधायला गेले नाहीत. शेवटी धीर करून त्यांनी फोन लावला.

“कशी आहेस?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही गं. खरंच नाही.”

“इतकं खरं वाटेल असं बोलणंही तुमच्या विभागातच शिकवतात का, बाबा?” तिने विचारले आणि फोन ठेवला.