पोशेऱ्याच्या चढणीवर स्पार्क पुढे घेतला

हँडलने माझं मनगट मोडलं तेव्हा मी जव्हारच्या एका भाताच्या व्यापाऱ्याची लॉरी चालवत होतो. संस्थानात मोटारी मोजक्याच, आणि आमची तर मुंबईत वापरून झालेली. ती सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे. त्याआधी स्टिअरिंगजवळची दांडी मागे घ्यायची, म्हणजे इंजिनातली ठिणगी, स्पार्क, जरा उशिरा पडे. एका सकाळी विसरलो. ठिणगी लवकर पडली, हँडल उलटं फिरलं आणि हात दीड महिना फळीत गेला.

बरा झाल्यावर मी पाना घेतला आणि सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डबा फिरवून ती कायमचीच उशिरा पडेल असं करून टाकलं. हँडल पुन्हा उलटलं नाही, पण लॉरीतला जोर गेला. खोडाळ्याच्या बाजारातून पोती भरून निघालो की पोशेऱ्याजवळच्या चढणीवर पाणी उकळायचं. बाजारातून परतताना पोत्यांवर बसलेल्या बायका न सांगताच उतरायच्या आणि चालू लागायच्या. मालकाला आणि घरीही मी सांगितलं, इंजिन म्हातारं झालं.

एकदा बायको माहेराहून माझ्याबरोबर परत येत होती. पाणी उकळलं, बायका उतरून पुढे गेल्या. ती म्हणाली, "हात मोडायच्या आधी ही चढायची ना?"

"चढायची."

"मग दीड महिन्यात म्हातारी झाली होय?"

मी काय केलं होतं ते तिला सांगितलं. ती हसली नाही. "दांडी मी धरते," म्हणाली. "तुम्ही ते होतं तसं करा."

चाकांना दगड लावले. इंजिन निवल्यावर डब्याचा बोल्ट सैल केला, पानाच्या चंचीतला चुना लावून खूण केली आणि डबा केसभर फिरवला. हँडल हातात घेतलं तसं मनगट आपोआप आखडलं. आतून ती म्हणाली, "दांडी मागे आहे. मारा."

मारलं. लॉरी सुरू झाली. थोडी चढून पाहिली, अजून केसभर फिरवला. तिसऱ्या खेपेला इंजिनात खडे खुळखुळल्यासारखं वाजलं. ते आधी तिनेच ऐकलं. ठिणगी फारच लवकर झाली होती. निम्मं मागे घेतलं, बोल्ट आवळला आणि निघालो.

लॉरी अशी चढली की मी नुसता हसत होतो. चालणाऱ्या बायकांना आम्ही मागे टाकलं, तेव्हा एक म्हातारी ओरडली, "अरे दादा, आमची गाठोडी!"

वर थांबलो. म्हातारी धापा टाकत आली. "चढायची होती तर आमाला उतरवलंस कशाला?"

"मी कुठे उतरवलं, आजी? तुम्हीच उतरलात."

बायकोने पदर तोंडाला लावला. मग म्हातारीही हसली, आणि सगळ्याच.

पुढच्या बाजाराला मी म्हटलं, आता बसून राहा. निम्म्या तरीही उतरल्या. करवंदांचे दिवस होते, आणि जाळ्या सगळ्या त्याच चढणीवर.