पोकीज, पार्क आणि आमची हरकत-समिती

समिती कसलीही असो, वर्षभर चालली की तिच्यात कामं कमी आणि किस्से जास्त साठतात. आमची तर लॉकडाऊनमधली समिती. कुणाला कुठं जायचं नाही, केस कापायचे नाहीत, घराच्या पाच किलोमीटरपलीकडे पाऊल टाकायचं नाही. मग किस्से नाही साठणार तर काय! परवा आवरायला म्हणून लॅपटॉपमधला ‘Objection FINAL final 7’ नावाचा फोल्डर उघडला आणि तासभर तसाच बसून राहिलो. डिलीट करवेना, वाचवेना.

तर तुम्हाला सांगतो, म्हणजे माझ्या डोक्यातून तरी जाईल.

* * *

इकडं परदेशात, आमच्या क्रेगीबर्न उपनगराच्या पुढं मुलांचं एक फॅमिली पार्क आहे. पाळणे, घसरगुंड्या, पाण्यातल्या राईड्स. आमच्या इराचे अर्धे वाढदिवस तिथंच झालेत. तर त्या पार्कच्या पार्किंगला अगदी लागून एका क्लबनं नवी शाखा काढायचं ठरवलं. रेस्टॉरंट, बार आणि मोठा हॉल भरून पोकीज. पोकीज म्हणजे इथली जुगाराची मशिनं. बटण दाबा, चित्रं फिरतात, दिवे लागतात, खिसा रिकामा होतो. कॅसिनोच तो, फक्त नाव ‘फॅमिली क्लब’!

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संतापाचा पूर आला. आपण विरोध केलाच पाहिजे, असं सगळ्यांचं एकमत झालं. नेमका कुणी, यावर नेहमीसारखी शांतता पसरली.

मग मंडळाचे अध्यक्ष जोशीकाका म्हणाले, “मंदार सेक्रेटरी!”

जोशीकाका म्हणजे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर होऊन मुलाकडं आलेले. यांचं आभारप्रदर्शन कार्यक्रमापेक्षा लांब असतं. मला वाटलं, काकांनी आपल्यातले काही गुण हेरले असतील. विचारलं, “काका, मीच का?”

“तुझ्याकडं ऑफिसचं झूम आहे. आमची मीटिंग चाळीस मिनिटांत बंद पडते.”

झालं. तेवढी एक पात्रता!

* * *

हा दुसरा किस्सा हसण्यातला नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नितीन आमच्या मागच्या गल्लीतला. नेटवर्क इंजिनिअर, कोल्हापूरचा, बोलायला कमी. त्याची बायको मानसी हॉस्पिटलमध्ये नर्स. तेव्हा दिवसातून एक तास व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती, तो तास आम्ही दोघं मास्क लावून चालायचो. एका दुपारी पार्कच्या बंद गेटपाशी तो थांबला.

“मंदार, हा क्लब होता कामा नये.”

“अरे होणार नाही, आपण लिहितोय ना.”

“तसं नाही. मला पोकीजचं व्यसन आहे.”

मग त्यानं सगळं सांगितलं. कोविडच्या आधी दोन वर्षं तो ‘ऑन-कॉल आहे’ असं घरी सांगून क्लबमध्ये जाऊन बसायचा. एकदा मुलाला याच पार्कमध्ये वाढदिवसाला सोडलं आणि न्यायला विसरला. पोरगं या गेटपाशी दीड तास उभं होतं. घरी सांगितलं, टायर पंक्चर झाला.

“यांचाच तो जुना क्लब घरापासून वीस मिनिटांवर आहे,” नितीन म्हणाला. “तेवढ्या रस्त्यात मी निम्म्या वेळा तरी गाडी वळवून परत आलोय. हा तर इथंच येणार. पोरांना राईडवर सोडलं की मी समोर आत. मला ती वीस मिनिटं पाहिजेत रे. बाकी काही नको.”

लॉकडाऊननं सगळी मशिनं बंद होती. सगळं जग लॉकडाऊन कधी उठतो म्हणून डोळे लावून बसलेलं आणि हा एकटा त्याला घाबरून होता.

मी विचारलं, “पण लागलं कसं तुला हे?”

“आपली दिवाळी त्या जुन्या क्लबच्या हॉलमध्ये झाली होती, आठवतं? टॉयलेटला जायचा रस्ता पोकीजमधून होता. मी मध्येच उठून गेलो.” आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “काकांचं आभारप्रदर्शन चालू होतं. मला वाटलं, वेळ आहे.”

मानसीला यातलं काही माहीत नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं. मला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही.

* * *

हरकतीची पत्रं पाठवायची ठरली. लोक म्हणाले, सॅम्पल दे. मी बिचारा दिवसभर सहा मीटिंगा, शेजारच्या टेबलावर नऊ वर्षांच्या इराची ऑनलाइन शाळा, त्यातून वेळ काढून एक झकास पत्र लिहिलं. खाली ठळक अक्षरात सूचना टाकली की हे फक्त नमुन्यादाखल आहे, आपल्या शब्दांत लिहा.

आपल्या शब्दांत! आपण गाईड वाचून पास झालेली माणसं!

आठवड्यानं कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, एका बाईंचा फोन आला. फार गोड बोलत होत्या. “मला त्रेचाळीस पत्रं मिळालीत. त्रेचाळीसही जण नऊ वर्षांच्या मुलीचे वडील आहेत. ही एकाच वर्गाची तक्रार आहे का?”

मी घाईघाईनं यादी काढली. नऊ वर्षांच्या मुलीच्या वडलांमध्ये मानसी होती. सत्तरी ओलांडलेले जोशीकाका होते. जोशीकाकूही होत्या!

काकांना फोन केला तर माझ्यावरच उखडले. “तू लिहिलंस ते चुकीचं कसं असेल? आम्ही तुझ्यावर विश्वास टाकला!”

सगळी पत्रं मिळून एकच हरकत धरली गेली. परत पहिल्यापासून सुरुवात.

* * *

कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मावसभावानं बातमी धाडली. तिकडं एका आदिवासी जमातीचा कॅसिनो लहान मुलांच्या पार्कशेजारी व्हायचं घाटतंय, लोक विरोधात आहेत, वगैरे. बातमी ग्रुपवर पडली आणि अर्ध्या तासात ती आमचीच झाली. वर ‘अमेरिका’ लिहिलंय हे बघायला कुणाला सवड! ‘म्हणजे आपल्या इथं पण यांचाच हात आहे का’, ‘मग आपण बोलायचं कसं’, ‘सेन्सिटिव्ह विषय आहे’, सगळे एकदम तज्ज्ञ झाले.

मी लिहिलं, ही बातमी इथली नाही. त्यावर सात जणांनी अंगठे दाखवले आणि चर्चा पुढं चालूच ठेवली.

दुसऱ्याच दिवशी कौन्सिलची ऑनलाइन माहिती-सभा होती. काकांनी हात वर केला. मी चॅटमध्ये ‘काका नको, काका नको’ लिहीत बसलो. काका चॅट कधी उघडतात का!

“मला विचारायचं आहे,” काका आपल्या बँकेच्या इंग्रजीत म्हणाले, “हा प्रस्ताव नेमका कोणत्या जमातीचा आहे?”

मी कॅमेरा बंद केला. कौन्सिलचा माणूस घसा खाकरायला लागला.

तेवढ्यात एका चौकटीतून हसू ऐकू आलं. इथल्या मूळच्या अॅबोरिजिनल समाजातल्या एक वयस्कर बाई होत्या, सगळे त्यांना आंटी म्हणत होते. त्याही हरकत घ्यायलाच आलेल्या. त्या हसतच म्हणाल्या, “नाही हो, क्लबची कल्पना आमची नाही. जमीन तेवढी आमची होती!”

काका म्हणाले, “सॉरी, मॅडम. आमच्याकडं पण आधी कंपनी आली होती.”

त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली. काकू दर दसऱ्याला आंटींसाठी अनारसे करतात, आंटींना ते फार गोड होतात, तरी घेतात.

* * *

क्लबनं आपला अर्ज म्हणून दोनशे पानांचं पुस्तक काढलं. गुळगुळीत कागद, हसरी गोरी कुटुंबं, मध्येच एक पगडीवाला. मी रात्रंदिवस वाचून पानांवर खुणा करत होतो. एका प्रकरणाचं नाव होतं, ‘स्थानिक समाजाचा पाठिंबा’. त्यात पहिलंच पत्र आमच्या मंडळाच्या लेटरहेडवर!

खाली सही, जोशीकाका.

त्या दिवाळीनंतर काकांनी हॉलबद्दल जुन्या क्लबला आभाराचं पत्र पाठवलं होतं. काय पत्र! ‘आपल्या वास्तूत आमच्या तीन पिढ्या रमल्या. आपले अगत्य आम्ही विसरणार नाही. आपल्या संस्थेचा वेलू असाच वाढो आणि प्रत्येक उपनगरात आपली शाखा निघो.’ हे सगळं अस्खलित इंग्रजीत.

मी काकांना पान पाठवून फोन केला. म्हणाले, “मंदार, चूक झाली. पण ड्राफ्टिंग बघितलंस का?”

पाठिंबा मागे घेण्याचं पत्र मी त्यांच्याकडून त्याच दुपारी लिहून घेतलं. खणखणीत होतं. फक्त शेवटची ओळ मला खोडायला लागली. ‘आमचे हे पत्र वाचण्यासाठी आपण दिलेल्या बहुमोल वेळेबद्दल मंडळ आपले शतशः ऋणी आहे!’

* * *

मानसीचं सांगायचं राहिलं. ती डबल शिफ्ट करून आली तरी मीटिंगला असायची. गालांवर मास्कचे वळ, डोळे मिटलेले. एकदा मी विचारलं, “मानसी, पार्किंगचा मुद्दा तू बोलशील का?”

ती झोपेतच म्हणाली, “ऑक्सिजन किती आहे?”

कुणी हसलं नाही. खरं म्हणजे तेव्हा आम्ही सगळेच कशावर तरी झोपेत उत्तरं देत होतो. मी पार्किंगचा मुद्दा स्वतःकडं घेतला.

कौन्सिलपुढच्या सुनावणीच्या आधी नितीनचा मेसेज आला. ‘मी बोलणार आहे. सगळं सांगणार. मला तीनचा स्लॉट दे, मानसी तेव्हा ड्यूटीवर असते. तिला सांगू नकोस.’

दहा मिनिटांत मानसीचा फोन. “मंदार, माझं नाव पण घाल. मी शिफ्ट बदलून घेतलीय. नितीनला सांगू नकोस.”

म्हटलं, कशाबद्दल बोलणार आहेस? म्हणाली, “तीन पानं लिहिलीत. बघू.”

आता एका घरातल्या दोघांची गुपितं माझ्या इनबॉक्समध्ये! घरी मी गप्प गप्प असायचो. इरानं विचारलंसुद्धा, “बाबा, are you in trouble?” म्हटलं, नाही गं, मी सेक्रेटरी आहे.

नावं कळवायची होती, ती मी कळवली. कौन्सिलनं आडनावाप्रमाणं क्रम लावला. दोघांचं आडनाव एकच.

* * *

निकाल आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही विचाराल. कौन्सिलनं ‘नको’ म्हटलं. क्लब ट्रिब्युनलमध्ये गेला. तिथं तारीख पडली, पुढं गेली, परत पडली. ते अजून चालूच आहे. पार्कशेजारच्या त्या जागेला कुंपण घातलंय आणि आत गवत वाढलंय. मी अजूनही सेक्रेटरी आहे, कारण राजीनामा घ्यायला कुणी मीटिंगच लावत नाही.

* * *

तर सुनावणी. दुपारचे तीन, सगळं ऑनलाइन. प्रत्येकाला तीन मिनिटं. क्लबच्या वकीलबाई हुशार होत्या. म्हणाल्या, मुलं पार्कमध्ये खेळत असताना आईवडलांना घटकाभर विसावा मिळेल. इथं येणारे पालक जबाबदार आहेत, ते काही मुलांना सोडून मशिनवर बसणार नाहीत. असा एक तरी पालक दाखवा.

नितीनचं नाव पुकारलं. कॅमेरा लागला तर हा गॅरेजमध्ये, बंद गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर. घरात मुलगा होता म्हणून.

म्हणाला, “मी आहे तो पालक.”

आणि सगळं सांगितलं. ऑन-कॉलचं, गेटपाशी उभ्या राहिलेल्या पोराचं, न झालेल्या पंक्चरचं, वीस मिनिटांचं. कागद नव्हता हातात. आवाज दोनदा गेला, नेटमुळं नाही. शेवटी म्हणाला, “माझ्या बायकोला हे माहीत नाही. आज घरी आली की सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्हाला सांगणं सोपं होतं.”

मी माझ्या चौकटीत डोळे पुसत होतो, खोटं कशाला बोलू.

सुनावणीच्या अध्यक्षांनी थँक्यू म्हटलं आणि पुढचं नाव वाचलं. तेच आडनाव. नितीननं मान वर केली.

मानसीचा कॅमेरा लागला. ती स्वयंपाकघरात उभी होती, हा गाडीत जाऊन बसल्यावर गुपचूप घरी आली असणार; मागं त्यांचा फ्रिज दिसत होता. हातात तीन पानं. ती तिनं घडी करून बाजूला ठेवली.

“मला वेगळं काही सांगायचं नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “I have known for two years. I was waiting for him.”

मग तशीच स्क्रीनकडं बघत, शांतपणे, मराठीत म्हणाली, “नितीन, गाडीतून उतर. सकाळपासून जेवला नाहीयेस. आत ये.”

नितीनची चौकट काळी झाली. गाडीचं दार लागल्याचा आवाज मात्र आला, तो मानसीच्या माईकमधून.

कौन्सिलच्या मिनिट्स लिहिणाऱ्या बाई घोटाळल्या. म्हणाल्या, “सॉरी, ते शेवटचं वाक्य रेकॉर्डसाठी कुणी इंग्रजीत सांगू शकेल का?”

कॉलवर आम्ही तेवीस मराठी माणसं होतो. एकानंही अनम्यूट केलं नाही.