झुबेदाच्या सोड्यांची पिशवी

आधीच सांगून टाकते... भूतखेत, दृष्ट, पत्रिका, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाई मुलीवरून मीठमोहऱ्या उतरवायच्या तेव्हा मी म्हणायचे, त्याच मोहऱ्या फोडणीला घातल्या असत्या तर आमटीला तरी चव आली असती. तेव्हा पुढचं वाचून बाई हळवी आहे असं कोणी समजू नये. मी हळवी नाही. मला फक्त किळस फार आहे.

अजमानला कॉर्निशच्या, म्हणजे समुद्रालगतच्या रस्त्याच्या, मागच्या गल्लीत आम्ही अकरा वर्षं राहतोय. रोज सकाळी सहाला मी वॉकला निघते. बेकरी, मशीद, लाँड्री, मग रस्ता क्रॉस करून समुद्र, आणि वाळूच्या कडेकडेने दगडांच्या बांधापर्यंत. कोण कुठे थुंकतो, शावरम्याचे कागद कोण टाकतो, मांजरांना माशांची डोकी कोण घालतं, सगळं मला पाठ आहे. नाकाला रुमाल लावूनच चालते. नवरा म्हणतो, ही वॉकला जात नाही, इन्स्पेक्शनला जाते.

गेल्या जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला चिपळूणला गेले होते. परत निघायच्या आदल्या दिवशी, अजमानला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या झुबेदाचा भाऊ हर्णैहून पार्सल घेऊन हजर. पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी, तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं, वर शाईने "झुबेदा, अजमान". आत सोडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही! पण गल्फमध्ये राहणाऱ्याला पार्सलला नाही म्हणता येत नाही. उद्या आपलंही कोणाच्या तरी बॅगेत घालायचं असतं. घेतलं.

अजमानला येऊन बॅग उघडली आणि मी खिडक्या उघडायला धावले. लग्नातली पैठणी, शेला, अगदी उदबत्तीचा पुडासुद्धा... सगळ्याला तो वास. मुलगी नाक दाबून म्हणाली, "आई, धिस इज सो ग्रॉस." मी इतकी संतापले की सांगता सोय नाही. शिवाय मनात आलं, एकदा नेऊन दिलं की दर खेपेला पार्सल, ही तर जन्माची हमाली. ठरवलं, एअरपोर्टवर काढून घेतलं म्हणून सांगायचं. खलास.

दुसऱ्या दिवशी वॉकला पिशवी आणि कात्री घेऊन गेले. बांधावर बसून कापड कचाकचा कापलं. झुबेदाच्या नावावरूनच कात्री गेली, "झुबे" एकीकडे, "दा" एकीकडे. सोडे दगडांवर ओतले. सीगल नुसते तुटून पडले. पाच मिनिटांत एक तुकडा उरला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नावाचं कापड तिथे टाकायची भीती वाटली, म्हणून घरी आणून आमच्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट तळाशी जाणाऱ्या नळात, टाकलं. खाली गाडी लागलेलीच होती. ती कचरा भरून गेली, हेही गॅलरीतून पाहिलं.

झुबेदाला सांगितलं. तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "जाऊ दे वहिनी, तुम्ही तरी काय करणार? अम्मीला आता दिसत नाही ना, चाचपडत सोलले होते तिने. पिशवीपण तिनेच शिवलेली."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

त्या संध्याकाळपासून हातांना वास यायला लागला. साबण, लिंबू, बेसन, डेटॉल, सगळं झालं. पोळी तोंडाशी नेली की परत ताटात ठेवायचे. नवऱ्याच्या नाकाखाली हात धरले तर म्हणाला, लिंबाचा वास येतोय. बांधापाशी तर उभं राहवेना, म्हणून अकरा वर्षांत पहिल्यांदा मी अर्ध्या वाटेवरून परत यायला लागले. आठवडाभर वरणभातावर काढला, तोही चमच्याने.

आठव्या दिवशी वॉकहून आले तर नवरा दारातच उभा. झुबेदाची अम्मी पहाटे गेली होती. दफन दुपारीच, म्हणजे झुबेदा कितीही धावली तरी पोचणार नव्हती. मी तशीच समोर गेले.

झुबेदा जमिनीवर बसली होती. मांडीवर पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी.

"सकाळी दार उघडलं तर बाहेर ठेवलेली. सुटली वाटतं एअरपोर्टवरून," ती म्हणाली. "तुम्हीच आणलीत ना वहिनी? बेल तरी वाजवायची."

मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही. मी पिशवीकडे बघत होते. "झुबे" आणि "दा" यांच्यामधून वरपासून खालपर्यंत लाल दोऱ्याची शिवण होती. वेडीवाकडी, कुठे लांब टाका, कुठे दोरा गोळा झालेला. दिसत नसलेल्या माणसाने शिवावी तशी. पिशवी भरलेली होती. वास तोच.

झुबेदा डोळे पुसत म्हणाली, "काल रात्री फोनवर अम्मी सारखं एकच बोलत होती, तुझी पिशवी मला दुसऱ्यांदा शिवावी लागली. मी म्हटलं, असं काय बोलतेस अम्मी... मला वाटलं, वय झालंय तिचं."

मग तिने पिशवी माझ्यापुढे केली. "तुम्हीच उघडा वहिनी. माझ्याच्याने होत नाही." आणि कात्री दिली.

कात्री मी खाली ठेवली. किळस आली ती माझी मलाच. नखाने एकेक टाका उसवत बसले, अर्धा तास लागला असेल. दोरा तुटू दिला नाही. झुबेदाने तो गुंडाळून कुराणाशेजारी ठेवला.

नवऱ्याचं म्हणणं, भावाने दुसरं पार्सल कोणाबरोबर तरी पाठवलं असेल. नंतर झुबेदाकडून आडून विचारून घेतलं. भावाने एकच दिलं होतं, माझ्याकडे. आणि समजा दुसरं असलं, तरी माझ्या कात्रीची रेघ त्याच्यावर कशी? झुबेदाला मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या सोड्यांचं कालवण केलं तेव्हा ती वाटी घेऊन दारात आली, मग तिलाच आठवलं आणि ओशाळून म्हणाली, "अय्यो, तुम्ही खात नाही, विसरलेच. पण अम्मी सांगायची, आणणाऱ्याला पहिला घास द्यायचा."