फटीत कोंबलेल्या चिंध्या

गंजावर ओतलेल्या घासलेटचा वास आला की मला कारंजा गावातल्या आमच्या घराचं अंगण दिसतं, आणि मोटारीखाली उताणा शिरलेला मोठा भाऊ. ती जुनी विलायती मोटार पाण्याशिवाय, नुसत्या हवेवर थंड व्हायची, आणि सायलेन्सरच्या नळीवर तापलेली हवा हिवाळ्यात आत सोडता यायची. त्या हिवाळ्यात भाऊ वहिनीला आणि तान्ह्या बाळाला मंगरूळपीरहून आणायला निघाला, तेव्हा बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मायनं मागच्या काचांच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि पुढच्या-मागच्या सीटांच्या मधोमध जाड गोधडी टांगली. मागे गरम हवा सोडून भाऊ पुढे काच उघडून बिडी ओढत आला. घराच्या दारात त्यानं गोधडी बाजूला केली, तर मागे दोघंही झोपल्यासारखी पडली होती. ती उठलीच नाहीत. पुढे मोटार फार आवाज करू लागली, म्हणून आम्ही सायलेन्सर काढायला बसलो. नट गंजून एकजीव झालेले. छन्नी मारली तशी नळी फुटून हातात आली. तिला बोट जाईल एवढं जुनं भोक होतं, आणि त्याला लागूनच गरम हवेची वाट आत जात होती, धुराच्या काजळीनं काळी झालेली. भाऊ त्या काजळीवरून बोट फिरवत राहिला. “वारा नाई लागला रे तिले,” तो म्हणाला, “वारा भेटलाच नाई. मायले सांगू नको.” आज माय आणि भाऊ दोघंही नाहीत, म्हणून सांगतो. माय मरेपर्यंत म्हणायची, “एखांदी फट राह्यली असंन माह्या हातून.” आणि आम्ही दोघं खाली मान घालून “हो” म्हणायचो.