घोडेवाल्याचा पॉज

दातांच्या दवाखान्यात खिडकीशी बसून रोग्यांची नावं पुकारणाऱ्या बाईंना जुनी माणसं 'कुजबूज' का म्हणतात, हे तिथल्या तरुण डॉक्टरांना कधी कळलं नाही. बाईंचा आवाज असा खणखणीत, की खुर्चीत आ वासून बसलेला माणूसही दचकून तोंड मिटायचा. पण ते नाव दवाखान्यातलं नव्हतंच. ते नाटक कंपनीतलं. तिथे बावीस वर्षं त्या विंगेत, पाठ नसलेल्या एका स्टुलावर, मांडीवर वही आणि हातात बोटभर बॅटरी घेऊन बसल्या होत्या. नट वाक्य विसरला की त्याचे पहिले दोन शब्द त्याच्याकडे टाकायचे, एवढंच काम. बाईंचा आवाज पहिल्या रांगेला कधी ऐकू गेला नाही, आणि नटाला ऐकू आला नाही असंही कधी झालं नाही.

हे काम त्यांना कंपनीच्या म्हाताऱ्या मालकांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "मुली, नाटक बघायचं नाही. ते बघायला लोक तिकीट काढतात. तू नटाची पाठ बघ. वाक्य ठाऊक असलेला नट थांबला, तर त्याची पाठ हलते, कारण तो श्वास घेत असतो. विसरलेल्याची पाठ दगड होते. दगड दिसला की शब्द टाक. आणि श्वास चालू असताना टाकलास, तर एका माणसाचा पॉज मारलास. तो काही परत मिळत नाही."

बाईंनी बावीस वर्षांत एकही पॉज मारला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ऐकायला कुणीच नव्हतं.

त्या कंपनीत एक नट होता. दिसायला राजबिंडा, आवाज भरदार, आणि डोकं म्हणजे चाळणी. पहिल्या नाटकात त्याला एकच वाक्य होतं, "घोडे तयार आहेत, महाराज." पहिल्याच प्रयोगात तो आला, वाकला आणि गप्प उभा राहिला. शेवटी महाराजांनीच विचारलं, "घोडे तयार आहेत ना?" त्यावर हा म्हणाला, "कोण घोडे?" त्या दिवसापासून तो घोडेवाला. पुढे बारा वर्षं बाईंनी त्याला वाक्यावाक्यानं, हाताला धरून रस्ता ओलांडून द्यावा तसा, प्रत्येक नाटकातून पार नेला. अडला की तो डावीकडे बघायचा. बाईंचं स्टूल डाव्या विंगेत असायचं. कंपनी बंद पडली, तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यानं सगळ्यांचे आभार मानले. पडदेवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले. बाईंचं नाव तेवढं विसरला. आणि त्या दिवशी ते पुरवायला विंगेत कोणी नव्हतं, कारण बाई समोर खुर्चीत बसल्या होत्या.

त्यानंतर घोडेवाला बाईंना दिसला तो एकदम टीव्हीवर. हेरांच्या एका मालिकेत पाहुणा कलाकार म्हणून, फक्त दोन भागांसाठी. शत्रूचा हेर, अकरा वर्षं एका घरात भाडेकरू म्हणून राहिलेला, घड्याळं दुरुस्त करणारा. त्याच्यामुळे चाळीस माणसं मेलेली. शेवटी पकडला जातो, हातात बेड्या पडतात, आणि म्हातारी घरमालकीण त्याला विचारते, "अकरा वर्षं माझ्या घरात राहिलास. एकदाही मनात काही आलं नाही?"

तो थांबतो. डावीकडे कुठेतरी बघतो. चार सेकंद. डोळ्यांत असं काही, की भिंतीवरची पालसुद्धा हळहळावी. मग म्हणतो, "चहात साखर फार घालायचात तुम्ही. मी कधी बोललो नाही."

घरोघर लोक रडले. चाळीस माणसं मारणाऱ्यासाठी रडले. बाई तर तो भाग संपल्यावर टीव्ही बंद करायचंही विसरल्या.

"विसरला असणार तो," भाऊ म्हणाला. बाई या धाकट्या भावाकडे राहत. आयुष्यभर दारोदार जाऊन विजेचे मीटर वाचलेला माणूस, त्याला काटा आणि आकडा यापलीकडे कशावर विश्वास नाही. "घोडेवालाच ना हा? ताई, तुझ्या तोंडूनच सगळं ऐकलंय."

"विसरला असता तर डोळे असे झाले असते का?"

"वाक्य हरवलेल्या माणसाचे आणखी कसे होणार?"

"तू मीटर बघ रे बाबा. माणसाचं तुला कळायचं नाही."

"कळायचंय काय त्यात, प्रेमात पडल्यात वन्सं," भावजय आतून म्हणाली. "या वयात, आणि तेही हेराच्या!"

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तो थट्टेचा विषयच नव्हता. तो पॉज घोडेवाल्यानं स्वतः घेतला असेल, तर ज्याला त्यांनी बारा वर्षं हात धरून चालवलं तो शेवटी आपल्या पायांवर चालला होता. मग ती बारा वर्षं कारणी लागली. नसेल घेतला, तर त्यांनी आयुष्यभर चाळणीत पाणी भरलं. टीव्हीवर फक्त चेहरा दाखवला होता. पाठ दिसली असती तर त्यांनी एका क्षणात सांगितलं असतं.

त्यांनी त्याला पत्र लिहिलं. चार पानं, त्यातली अडीच त्या चार सेकंदांवर. आठवड्यानं फोन आला.

"बाई, तुमचं पत्र वाचलं. पंधरा तारखेला नाट्यशाळेत माझा सत्कार आहे. शेवटी तो प्रवेश करून दाखवायचाय. तुम्ही याल ना? विंगेत बसा. डाव्या. पहिल्यासारखं."

"मी कशाला विंगेत? समोरून बघते की."

"नको नको, विंगेतच. तुम्हाला तो प्रवेश पाठ असेल, नाही का?"

"पाठ? झोपेतून उठवून विचारा."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटकेचा सुस्कारा होता. बाईंना ती माया वाटली. इतक्या वर्षांनी त्याला आपली आठवण झाली, मान म्हणून जुनी जागा देऊ केली, असंच त्यांनी धरलं. भावजयीला त्या म्हणाल्यासुद्धा, "समोरच्या खुर्च्या काय, कुणालाही मिळतात."

पंधरा तारखेला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत एक निर्माता बसला होता, नव्या मालिकेसाठी माणूस शोधत. वर्षभराचं काम होतं. घोडेवाल्यानं विंगेत येऊन बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. हात थंडगार होता. बाईंनी वही आणली नव्हती, बॅटरी आणली नव्हती. केसांत एक फूल मात्र माळलं होतं.

पुष्पगुच्छ झाले, भाषणं झाली. मग दिवे उतरले. घरमालकीण म्हणून नाट्यशाळेची एक मुलगी उभी होती. घोडेवाला बेड्या घातल्यासारखे हात धरून प्रेक्षकांकडे वळला, आणि विंगेतून त्याची पाठ दिसू लागली.

"अकरा वर्षं माझ्या घरात राहिलास. एकदाही मनात काही आलं नाही?"

तो थांबला. मान डावीकडे वळली. तेच डोळे. हॉलमध्ये कुणी खोकेना.

एक. दोन. तीन. चार.

पाठ हलत नव्हती. बाईंना ते दिसलं. सदऱ्याची शिवण दोन खांद्यांच्या मध्ये दोरीसारखी ताणलेली होती आणि ती हलत नव्हती. दोन शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभे राहिले: 'चहात साखर'. पण बाई विंगेत बसून आयुष्यात पहिल्यांदा नाटक बघत होत्या. त्यांना वाटलं, आज तो आणखी लांब नेतोय. नेऊ दे. याच्या मध्ये आपण पडायचं नाही.

पाच. सहा. सात.

मुलगी घाबरली. तिनं पुन्हा विचारलं, "एकदाही... मनात काही आलं नाही?"

घोडेवाल्यानं तोंड उघडलं. मग तोच भरदार आवाज सगळ्या हॉलभर घुमला, "घोडे तयार आहेत, महाराज."

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल. लोक दुष्ट नव्हते. हसू आलं, हसले. निर्माता मात्र हसला नाही. त्यानं मोबाइल खिशात ठेवला आणि वाकून, लोकांचे पाय चुकवत, दाराकडे गेला.

रंगपटात घोडेवाला आरशासमोर बसला होता. चेहरा अर्धा पुसलेला. बाई दारात उभ्या राहिल्या. केसांतलं फूल त्यांनी वाटेतच काढून मुठीत धरलं होतं.

"बाई, तुम्ही होतात ना तिथे?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"होते."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही पॉज घेतलाय."

"मी?" तो हसला. ऐकवत नव्हतं ते हसणं. "मी कधी पॉज घेतलाय, बाई? जन्मात?"

"आणि टीव्हीवर?"

"तिथेही हेच. डोकं कोरं झालं. डावीकडे बघितलं, तर दिव्याचा खांब आणि एक पंखा. तुम्ही नव्हतात." त्यानं कापूस टेबलावर टाकला. "तेवढ्यात वाक्य आठवलं, बोलून टाकलं. दिग्दर्शक म्हणाला, वा, काय नजर आहे! मी कशाला खोडून काढतोय? पण मला वाटलं होतं, निदान तुम्हाला कळलं असेल. तुम्हाला तरी."

"पत्रात तर मी..."

"पत्र वाचून वाटलं, मला सांभाळून घेताय. फोनवर उघड कसं बोलायचं, शब्द द्यायला या म्हणून? लाज असते माणसाला." मग जरा थांबून तो म्हणाला, आणि या वेळी त्याची पाठ हलत होती, "आता कोण घेणार मला? तुम्ही दोन शब्द टाकले असते, तर वर्ष निघालं असतं."

बाहेर खुर्च्या घडी करून ठेवल्याचे आवाज येत होते.

घरी भावानं विचारलं, "काय, मग? पॉज होता की विसरला?"

"पॉज," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दवाखाना, खिडकी, पुकारा. महिन्याभरानं, सुट्टीच्या दुपारी, भावजयीनं हाक मारली, "वन्सं, या लवकर! तुमचा हेर लागलाय परत."

बाई ओल्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हातारीनं प्रश्न विचारला. घोडेवाल्यानं मान डावीकडे वळवली.

"चहात साखर," बाई म्हणाल्या. हळू नाही. नाव पुकारताना म्हणत तसं, खणखणीत.

"अहो, त्याला बोलू द्या की!" भावजय म्हणाली. "सगळी मजा घालवलीत."

पडद्यावर तो अजून शोधतच होता.