चाकाची घूं घूं आणि माझे कान

अमरावती-अकोला रस्त्यावर खड्डे होते तोवर आमची गाडी ठणठणीत होती. रस्ता गुळगुळीत झाला आणि गाडीत बिघाड निघाला. माझं माहेर अकोल्याचं, त्यामुळे महिन्यातून एक-दोन फेऱ्या ठरलेल्या. पूर्वी त्या फेरीत दरवाजे, डबे आणि आमची हाडं एकदमच खडखडायची. कोणता आवाज कोणाचा हे विचारायची सोयच नव्हती. नव्या रस्त्यावर जरा शांतता लाभली, आणि बडनेरा मागे पडल्यावर मला पुढच्या चाकांकडून घूं घूं ऐकू यायला लागली. पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी चालू असावी, तशी. वेग वाढवला की वाढायची, कमी केला की उतरायची.

आमच्या ह्यांना, म्हणजे गाडी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला, मी सांगितलं. त्यांनी कान दिल्यासारखं केलं आणि निकाल सुनावला.

"गाडीले काई झालं नाई. तुह्या कानातच वाजून राह्यलं."

एवढ्यावर थांबतील तर ते कसले! अकोल्यातल्या कानाच्या डॉक्टरकडे माझ्या नावाने शनिवारचा नंबरही लावून टाकला. वर आईला फोन करून सांगितलं की तुमच्या लेकीचं वय झालं आता. माझं टाळकंच सरकलं. मी बजावलं, शनिवारच्या आत हा आवाज शोधून नाही दाखवला, तर मुकाट्याने त्या खुर्चीत जाऊन बसेन. मुकाट्याने हा शब्द ऐकून त्यांना फार समाधान वाटलं.

आमच्या गल्लीत गाडीचं दुखणं हे काही एका घरचं नसतं. शेजारचे संत्र्याचे व्यापारी आपणहून आले, त्यांच्यासोबत अंजनगावहून आलेले त्यांचे मेहुणेही आले. चक्कर मारून पाहू म्हणाले. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याने निघालो. गाडी सुटली तशी तोंडं सुटली. मेहुण्यांनी आपल्या जुन्या जीपचा इतिहास सांगितला, व्यापाऱ्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या, ह्यांनी दोघांच्या वर आवाज चढवून तिसरंच काढलं. मी दोनदा म्हटलं, जरा चूप बसा, ऐका तरी. चूप बसायचं का, यावरच मग चर्चा झाली. घरी परतल्यावर तिघांनी एकमताने जाहीर केलं की गाडीत काहीच आवाज नाही.

मग ह्यांना घेऊन मी गॅरेज गाठलं. परतवाडा रोडवरचा आमचा नेहमीचा मेकॅनिक गाडी न चालवताच म्हणाला, "भाभी, टायर है." त्याने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावले आणि काम झालं म्हणून हात पुसले. मी येताना कान लावून बसले. टायरचा आवाज असता तर टायरसोबत मागे गेला असता. तो होता तिथेच होता, पुढे. पुलाच्या वळणावर आणखी एक गोष्ट लक्षात आली: स्टिअरिंग डावीकडे वळलं की घूं घूं वाढते, उजवीकडे वळलं की दबते. डाव्या वळणाला गाडीचा भार उजव्या चाकावर जातो, एवढं तर एसटीत उभं राहूनही अंगाला कळतं. ह्यांना मी तिथूनच गाडी मागे फिरवायला लावली.

मेकॅनिकने माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला की भाभी, आता तुम्हीच गॅरेज टाका. पण पुढची बाजू जॅकवर चढवली. आधी डावं चाक हाताने फिरवलं, ते गुपचूप फिरलं. मग उजवं फिरवलं, तर घर्रर्र! गेली बेअरिंग. मी विजयी मुद्रेने ह्यांच्याकडे पाहिलं.

ते चाकाकडे वाकून बघत होते. "कुठी हाये आवाज?" त्यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं. चाक अजून घरघरतच होतं.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. चाकाची थरथर हाताला लागावी म्हणून त्याने ह्यांचा हात धरून चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि चाक पुन्हा फिरवलं. ह्यांचा चेहरा बदलला. चाक थांबलं तरी त्यांनी हात काढला नाही.

आमच्या वऱ्हाडात सगळेच ओरडून बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय, आमची चहाची विचारपूस चाललेली असते. अशा ठिकाणी कोणाला कमी ऐकू येतं हे कळावं तरी कसं! टीव्हीचा दणदणाट, दाराची बेल वाजली तरी न उठणं, स्वयंपाकघरातून मारलेल्या माझ्या हाका, हे सगळं मी नवऱ्याचा स्वभाव समजून सोडून दिलं होतं. त्यावर बहिणींसोबत पोट धरून हसलेही होते. त्या स्प्रिंगवरचा हात पाहून मात्र त्या सगळ्या हाका एकदम आठवल्या.

नवी बेअरिंग घालून आम्ही निघालो. सुनवायला मी काय काय टोमणे जमवले होते, ते जुन्या बेअरिंगसोबत गॅरेजमध्येच राहिले. पुलाच्या वळणावर हे बोलले, कधी नव्हे ते हळू आवाजात.

"मले एकदाबी नाई आला तो आवाज. कावून बरं असं?"

 घराशी आल्यावर त्यांनी विचारलं की शनिवारचा नंबर रद्द करायचा का, तुझे कान तर चांगले निघाले. मी म्हटलं, राहू द्या माझ्याच नावाने, खुर्चीत तुमी बसा.

शनिवारी अकोल्यापर्यंत गाडी अगदी चूप होती. दवाखान्यात बाकावर शेजारी शेजारी बसलो. आतून माझं नाव पुकारलं गेलं, मग जरा मोठ्याने पुन्हा. हे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तेव्हा ते उठले.