वहीतलं "बरं आहे"

"मल्टिपल मायलोमा," सोलापूरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेत, रक्त तयार होतं तिथंच झालेला कॅन्सर. आणि आम्ही जळकोटला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कंबरेला सहा महिने मलम चोळत होतो. त्याचा मला अजून स्वतःवर राग येतो.

पहिल्या औषधांना आजार दाद देईना. मग त्यांनी तिथंच चालू असलेल्या क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीचं, विचारलं. नेहमीच्या इंजेक्शनासोबत एक गोळी. काहींना खरी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. "कुणाला कुठली, हे मलाही कळणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डॉक्टरलाच माहीत नाही, हे ऐकून मी नकोच म्हणत होते. आत्याबाईंनी मात्र सही केली.

हॉस्पिटलानं घरी न्यायला एक वही दिली. रोज काय त्रास होतो ते आत्याबाईंनी सांगायचं, मी लिहायचं.

"लिव्ह, बरं हाय."

"अहो, काल पायाला मुंग्या येतात म्हणत होतात ना?"

"ती डाक्टरीण इतका जीव लावती. तिच्यापुढं रोज रडगाणं गायचं व्हय? आन् नाव कमी केलं तर?"

आमच्याकडं रीतच अशी. घास उतरत नसला तरी विचारणाऱ्याला बरं आहे म्हणायचं. ते खोटं आहे हे कळत असून मी लिहीत गेले, कारण चाचणीतून नाव कमी होण्याची धास्ती मलाही होती.

एका दुपारी आत्याबाई अंगणातून आत आल्या. एका पायात चप्पल, दुसरी फाटकाशीच गळून पडलेली. तापलेल्या फरशीनं तळव्याला फोड आला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना घेऊन सोलापूर गाठलं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर वही ठेवून मी सगळं सांगून टाकलं. "पेरिफेरल न्यूरोपॅथी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हातापायांच्या नसांना झालेली इजा.

"गोळीनं झालं का इंजेक्शनानं?"

"आत्ता नाही सांगता येत."

गोळी बंद झाली, इंजेक्शनाचा डोस कमी केला. तपासण्या मात्र चालूच राहणार होत्या. मग त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. "खाडाखोड नको. एकच रेघ मारा, शेजारी खरं लिहा, सही आणि आजची तारीख." एकोणीस पानं होती. पोरांच्या वह्या तपासणारी मी मास्तरीण, शरमेनं मान वर होईना. तुमच्या घरी अशी वही आली, तर खोटं "बरं आहे" तेवढं लिहू नका.

"मावशी, खरं सांगा, कसं वाटतंय?" डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "लई भ्या वाटतंय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "मलाही वाटतं, मावशी."

त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही. आजार अजून आहे, पुढचं कुणालाच ठाऊक नाही. पण परतताना एसटीत आत्याबाईंनी पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि पहिल्या दिवसापासूनचं एकेक दुखणं सांगायला लागल्या. जळकोटच्या अलीकडचं नळदुर्ग आलं तरी त्यांचं सांगून झालं नव्हतं.